टोकदार नख आखूड करताना

लग्नसराई आली की धाराशिव, तुळजापूर, उमरगा, कळंब अशा गावांतल्या ब्युटी पार्लरमध्ये मेंदी आणि फेशियलच्या जोडीला आता नेल एक्स्टेंशनचीही विचारणा होते. टोकदार कृत्रिम नखांनी फोटोत बोटं लांबसडक दिसतात आणि मेंदी उठून दिसते. अडचण सुरू होते ती हाताला काम लागल्यावर. कासार चुडा भरताना बोटं जुळवून पंजा आवळतो, तिथे नखं एकमेकांत अडकतात. ज्वारीचं पीठ मळताना नखांखाली जाऊन बसतं आणि भाकरी थापताना टोक भाकरीला भोक पाडतं. रेशनच्या दुकानात पॉस मशीनवर अंगठा ठेवायला गेलं की बोटाच्या आधी नखच काचेवर टेकतं. मोबाइलवर टाइप करतानाही तेच होतं. मोबाइलच्या काचेला त्वचेचा स्पर्श कळतो, प्लॅस्टिकचा कळत नाही, त्यामुळे बोट आडवं करून टाइप करावं लागतं.

तुळजाभवानीचं दर्शन झालं, जागरण-गोंधळ उरकला, पाहुणे पांगले, की नव्या नवरीच्या मनात दोनच विचार येतात. नखं उपटून काढावीत, नाहीतर नेलकटरने टोक उडवून टाकावं. पहिल्या उपायात खऱ्या नखाचा वरचा पापुद्रा कृत्रिम नखासोबत निघून येतो. दुसऱ्यात कृत्रिम नख उभं चिरतं आणि ती चीर कधीकधी खालच्या नखापर्यंत जाते. टोकदार नख नीट आखूड करायचं तर लांबी, बाजू, जाडी आणि कड या चार गोष्टी ओळीने जुळवाव्या लागतात. हे काम घरीही जमतं, मात्र नख कशाचं आहे आणि त्यावर जोर कुठे येतो हे आधी कळायला हवं.

नख आणि टिप

आपलं नख केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं. केस, शिंग आणि खूर यांतही मुख्यतः केराटिनच असतं. धाराशिव जिल्ह्याच्या जुन्या नावाने ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी माळावर चरायला जाते तेव्हा तिचे खूर दगडगोट्यांवर आपोआप झिजतात. तीच शेळी गोठ्यात बांधून पाळली की खूर वाढून वाकडे होतात आणि ते वेळोवेळी छाटावे लागतात. छाटणारा जाणकार असेल तर थोडं थोडं खरवडतो आणि आतला जिवंत भाग दिसायच्या आधीच थांबतो. नखाच्या कामातही हीच शिस्त लागते.

हाताचं नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढतं. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण नवं नख यायला चार ते सहा महिने लागतात. नखाचा जो भाग आपल्याला दिसतो तो मृत पेशींचा असतो, म्हणून कापताना दुखत नाही. जिवंत भाग मुळाशी, कातडीखाली असतो. नखाखालची गुलाबी त्वचाही जिवंत असते. नख बोटाच्या टोकाशी त्वचेपासून सुटं होतं, तिथे त्वचेची एक बारीक कड नखाला खालून चिकटलेली असते. पाणी आणि जंतू आत जाऊ नयेत म्हणून निसर्गाने ठेवलेली ती सीलबंदी आहे. नखाखालची घाण काढायला पिन खुपसली की पहिल्यांदा हीच सीलबंदी तुटते.

कृत्रिम नखं साधारण चार प्रकारची असतात. पहिला प्रकार तयार साच्यातल्या नखांचा. त्यांना प्रेस-ऑन म्हणतात आणि ती गोंदाने किंवा चिकटपट्टीने लावतात. दुसऱ्या प्रकारात एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची टिप खऱ्या नखाच्या पुढच्या भागावर चिकटवून वर थर देतात. तिसरा प्रकार अॅक्रिलिकचा. त्यात द्रव आणि भुकटी एकत्र करून पेस्ट लावली जाते आणि ती हवेतच कडक होते. चौथा प्रकार जेलचा. जेल सुमारे ३६५ ते ४०५ नॅनोमीटरच्या प्रकाशात, म्हणजे पार्लरमधल्या त्या छोट्या दिव्याखाली घट्ट होतं.

यातलं अॅक्रिलिक आलं दातांच्या दवाखान्यातून. अमेरिकेतला दंतवैद्य फ्रेडरिक स्लॅक याचं नख १९५४ मध्ये काम करताना तुटलं. त्याने दातांसाठी वापरायचं अॅक्रिलिक लावून ते तात्पुरतं दुरुस्त केलं. कवळीच्या जातीचं हे साहित्य पुढे सौंदर्यप्रसाधनांच्या बाजारात गेलं. त्याआधीही लांब नखांची हौस जगात होतीच. चीनच्या छिंग राजघराण्यातल्या स्त्रिया वाढवलेलं नख तुटू नये म्हणून बोटांवर धातूची टोकदार टोपणं घालत. सम्राज्ञी त्सशीच्या फोटोंत ती स्पष्ट दिसतात. हाताने काम करायची गरज नाही, हेच ती टोपणं जगाला सांगत.

टोकाचं गणित

नख बोटाच्या मांसापासून सुटं होऊन पुढे येतं, त्या जागेवर सगळा ताण पडतो. टोकाला धक्का बसला की नख तरफेसारखं काम करतं. धक्क्याचा जोर आणि त्या जागेपासून टोकापर्यंतचं अंतर यांचा गुणाकार केला की ताण मिळतो. बोटापुढे १६ मिलिमीटर आलेलं नख ८ मिलिमीटरवर आणलं की तेवढ्याच धक्क्याने पडणारा ताण निम्मा होतो. म्हणूनच नख तुटायचं थांबवण्यासाठी वर जाड थर देण्यापेक्षा ते आखूड करणं अधिक उपयोगी पडतं.

लांबीचा ताण हाताला किती सोसावा लागतो, याचं टोकाचं उदाहरण पुण्याचे श्रीधर चिल्लाल. त्यांनी १९५२ मध्ये डाव्या हाताची नखं कापणं सोडलं. गिनेस बुकात त्यांच्या एका हाताच्या पाच नखांची एकत्रित लांबी ९०९.६ सेंटिमीटर नोंदली गेली. एकट्या अंगठ्याचं नख १९७.८ सेंटिमीटर होतं. जुलै २०१८ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ती नखं विजेच्या कटरने कापण्यात आली, तेव्हा ६६ वर्षं ओझं सोसलेला तो हात पूर्ण उघडतही नव्हता. नवरीच्या नखाची लांबी त्यापुढे काहीच नाही, पण नियम दोन्हीकडे एकच आहे. लांबी वाढते तसा ताण वाढतो.

दुसरं गणित रुंदीचं. स्टिलेटो म्हणजे सुईसारखं टोकदार नख. समजा, ते बुडाशी १२ मिलिमीटर रुंद आहे, बोटापुढे १६ मिलिमीटर लांब आहे आणि टोकाला २ मिलिमीटर उरलं आहे. याची अर्धी लांबी कापली तर कापलेल्या जागी रुंदी ७ मिलिमीटर मिळते. म्हणजे टोक उडवलं की आपोआप कॉफिनचा आकार येतो, बाजू निमुळत्या आणि शेवट सपाट. त्याचे दोन्ही कोपरे गोल केले की बादामी आकार मिळतो. पण याच नखाला १० मिलिमीटर रुंदीचा चौकोनी शेवट हवा असेल तर बोटापुढे जेमतेम ३ मिलिमीटर लांबी उरते. निमुळत्या नखाच्या बाजूंचं प्लॅस्टिक आधीच घासून गेलेलं असतं, ते परत येत नाही. म्हणून टोकदार नखापासून बादामी, अंडाकृती आणि कॉफिन हे आकार सहज मिळतात. चौकोनी नख हवं असेल तर लांबीचा मोह सोडावा लागतो.

तिसरी गोष्ट वाढीची. अॅक्रिलिक किंवा जेलचं नख सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. ताण येतो त्या जागेच्या जरा मागे त्याचा उंचवटा ठेवलेला असतो आणि नख त्याच्या बळावर टिकतं. खालचं खरं नख वाढतं तसा हा उंचवटा पुढे सरकतो. महिनाभरात तो सुमारे ३ मिलिमीटर पुढे जातो आणि मागे पातळ भाग उरतो. टोकही तेवढंच पुढे गेलेलं असतं, म्हणजे तरफ लांबलेली असते. लावल्यापासून तीन आठवड्यांनी नख अचानक तुटतं, ते यामुळे. तोवर मागचा पातळ भाग भरून घ्यायचा नसेल तर निदान लांबी तरी कमी करावी.

हत्यारं

पूर्वी गावोगाव न्हावी नऱ्हाणीने नखं काढत. लहान, सपाट पात्याचं ते हत्यार खऱ्या नखासाठी उत्तम होतं, कारण खरं नख लवचिक असतं, पाण्याने मऊ होतं आणि पात्याखाली वाकतं. कडक अॅक्रिलिक वाकत नाही. घरातलं नेलकटर कृत्रिम नखावर फसतं, त्याचं कारणही हेच. नख आडवं पाहिलं तर कमानीसारखं वळलेलं दिसतं. नेलकटरच्या सपाट जबड्यात ती कमान दाबून चपटी होते, मधोमध उभी चीर पडते आणि खालचा चिकटलेला भाग सुटतो. एबीएस टिपसाठी अर्धगोल पात्याचा टिप कटर मिळतो, त्यात कमान मोडत नाही. जवळ नेलकटरच असेल तर एका दमात आडवं कापू नये. दोन्ही कडांकडून मध्याकडे बारीक बारीक तुकडे काढत जावं. अॅक्रिलिक आणि कडक जेल मात्र कापूच नये, घासून कमी करावं.

नेल फाइलवर १००, १८०, २४० असे आकडे असतात. आकडा लहान तेवढी फाइल खरखरीत. अॅक्रिलिकची लांबी कमी करायला १०० पुरते. एबीएस टिप आणि आकार नीट करायला १८० घ्यावी. खऱ्या नखाला १८० पेक्षा खरखरीत फाइल लागूच नये. शेवटी गुळगुळीत करायला २४० किंवा बफर वापरावा. फाइल अनेकांच्या हातून फिरली तर बुरशीही एका नखावरून दुसऱ्या नखावर जाते. म्हणून पार्लरमध्ये जाताना आपली फाइल आपण नेलेली बरी. ती चार पैशांचीच असते.

कृती

हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. पाणी प्यायलेलं नख फुगतं आणि घासताना पदर सुटतात. मग तळवा आपल्याकडे करून प्रत्येक नख खालून पाहा. खरं नख कुठवर आलं आहे ते टिपच्या आतून दिसतं. त्या रेषेच्या पुढे एक-दोन मिलिमीटर सोडूनच नवी लांबी ठरवा, नाहीतर कृत्रिम नखासोबत खरंही घासलं जाईल.

पेन्सिलने नखावर बारीक खूण करा. आधी मधल्या बोटाची लांबी पक्की करा आणि बाकीची त्या मापाने घ्या. दोन्ही हातांची तीच तीच बोटं समोरासमोर धरून खुणा जुळतात का ते पाहा. खुणेच्या बाहेर एखादा मिलिमीटर जास्त ठेवूनच थांबा. घासून कमी केलेलं परत मिळत नाही.

लांबी आधी कमी करा. फाइल नखाच्या शेवटाला काटकोनात धरा, म्हणजे सपाट शेवट मिळेल. हात हलका ठेवा. जोर दिला की नख तापतं, आणि ती उष्णता खालच्या त्वचेला चटका देते. जळजळ जाणवली की थांबा, नख गार होऊ द्या. कडेला उरलेलं खरं नख घासताना फाइल एकाच दिशेने ओढा, पुढे-मागे घासलं की त्याचे पापुद्रे निघतात.

लांबी झाली की बाजूंकडे वळा. फाइल बोटाच्या कडेला समांतर धरून दोन्ही बाजू सारख्या प्रमाणात घासा. नखाच्या मध्यातून जाणारी रेषा बोटाच्या मध्याशी जुळली पाहिजे. आकार वरून तपासू नका, चमक आणि रंग डोळ्यांना फसवतात. हात उलटा करून तळव्याच्या बाजूने पाहिलं की डावी-उजवी बाजू कुठे कमी-जास्त आहे ते लगेच कळतं. मांसाच्या बाजूला, नख बोटात शिरतं तिथे फाइल खोलवर नेऊ नका. तिथली भिंत पातळ झाली की आखूड नखही तिथेच तुटतं.

आता जाडी. ही पायरी बहुतेक जण विसरतात. टोक काढल्यावर मधला जाड भाग शेवटाच्या जवळ येतो, त्यामुळे आखूड केलेलं नख बोथट आणि ओबडधोबड दिसतं. फाइल तिरपी धरून वरच्या बाजूने पुढचा तिसरा भाग हळूहळू उतरता करा. शेवटची कड एक मिलिमीटरच्या आत आली की पुरे. ताणाच्या जागेवरचा उंचवटा मात्र तसाच राहू द्या. मग खालच्या बाजूने कडेवर हलका हात फिरवून धार काढून टाका. ओढणीच्या कापडावर नख फिरवून पाहा. धागा अडकला नाही म्हणजे कड जमली.

शेवटी कड बंद करा. कापलेल्या जागी वरच्या चमकदार थराची कड उघडी पडते, आणि भांडी घासताना पाणी तिथूनच आत शिरतं. साधं नेलपॉलिश असेल तर ब्रश कडेवरून आडवा फिरवून टोक झाका. जेल असेल तर टॉप कोट कडेपर्यंत लावून दिव्याखाली पूर्ण वेळ धरा. मध्येच लाइट गेली तर अर्धवट घट्ट झालेलं जेल तसंच ठेवू नका, लाइट आल्यावर पूर्ण वेळ पुन्हा द्या. कच्चं जेल त्वचेला लागत राहिलं तर अॅक्रिलेटची अॅलर्जी होऊ शकते. ती एकदा झाली की पुढे दातांच्या उपचारातही अडचण येते, कारण तिथेही याच जातीची रसायनं असतात. काम संपलं की हात धुऊन नखांच्या भोवती खोबरेल तेल चोळा.

प्रेस-ऑन नखांचं काम सर्वांत सोपं. ती बोटाला लावायच्या आधीच आखूड करा. नख दुतर्फा चिकटपट्टीने पेन्सिलीच्या मागच्या टोकावर बसवलं की ते हातात स्थिर राहतं आणि खऱ्या नखाला धक्काही लागत नाही.

धूळ, गोंद आणि आग

अॅक्रिलिक घासताना उडणारी बारीक धूळ श्वासात जाऊ नये म्हणून तोंडाला मास्क लावा. पंखा धूळ सगळ्या खोलीत पसरवतो, म्हणून तो बंद ठेवून खिडकी उघडा. लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण जवळ असेल तर हे काम अंगणात करा.

नख लावायचा गोंद म्हणजे सायनोअॅक्रिलेट. तो सुती कापडावर किंवा कापसावर सांडला तर वेगाने घट्ट होताना इतका तापतो की त्वचा भाजू शकते. सांडलेला गोंद कापसाने पुसायला जाऊ नका. अॅसिटोनने अॅक्रिलिक, एबीएस आणि गोंद हे तिन्ही मऊ पडतात, पण अॅसिटोन झटकन पेट घेतं. कापूस भिजवून बोटं गुंडाळून बसायचं असेल तर गॅस आणि चुलीपासून दूर बसा. कृत्रिम नखं स्वतःही पेटतात. चुलीत लाकूड सरकवताना किंवा देवापुढे वात लावताना हे लक्षात ठेवा.

काही स्वस्त अॅक्रिलिकमध्ये मिथाइल मेथाक्रिलेट, म्हणजे एमएमए वापरतात. अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने १९७० च्या दशकात शुद्ध एमएमए असलेली नखांची उत्पादनं बाजारातून काढायला लावली. एमएमएचं नख इतकं कडक होतं की धक्का बसल्यावर ते तुटत नाही, खालचं खरं नखच उपटलं जातं. खरखरीत फाइलनेही नख हलत नसेल, अॅसिटोनमध्ये अर्धा तास ठेवूनही मऊ पडत नसेल आणि लावताना उग्र वास आला असेल, तर एमएमएची शंका घ्या आणि ते घरी आखूड करायच्या फंदात पडू नका. कडक जेलही अॅसिटोनमध्ये विरघळत नाही. ते घासूनच काढावं लागतं, त्यामुळे लावतानाच पार्लरमध्ये काय लावलं ते विचारून ठेवा.

नखाखाली हिरवट डाग दिसला तर तो बहुधा स्यूडोमोनास नावाच्या जिवाणूचा असतो. सुटलेल्या कृत्रिम नखाखाली ओल साचली की तो वाढतो. कडेची कातडी लाल होऊन ठणकू लागली तर ते नखुरडं. या दोन्ही वेळी आकार देण्याचं काम थांबवा, कृत्रिम नख काढून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. वरून रंगाचा थर देऊन डाग झाकला की आजार आतल्या आत वाढतो.

कुठे आखूडही चालत नाही

नर्सिंग किंवा वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मुलींना हा सगळा खटाटोप करून उपयोग नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या हस्तस्वच्छता मार्गदर्शनानुसार रुग्णाला हात लावणाऱ्यांनी कृत्रिम नखं वापरूच नयेत आणि खऱ्या नखाचं टोकही अर्ध्या सेंटिमीटरच्या आत असावं. कृत्रिम नखाखाली जंतू जास्त राहतात आणि हात धुऊनही ते पुरते जात नाहीत. ऑपरेशनला जाणाऱ्या रुग्णानेही कृत्रिम नखं काढून जावं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा प्रकाश नखातून जातो, रंगीत आणि जाड कृत्रिम नखामुळे आकडा चुकू शकतो.

बाकीच्यांसाठी नियम सोपा आहे. नखाची लांबी फोटोवरून न ठरवता पुढच्या महिन्यात हाताला कोणती कामं आहेत त्यावरून ठरवा. पार्लरमध्ये बसतानाच ते सांगा. नुसतं लग्न आणि रिसेप्शन असेल तर प्रेस-ऑन लावा आणि दुसऱ्या दिवशी कोमट पाण्यात भिजवून सावकाश काढा. नखं तीन आठवडे ठेवायची असतील तर सुरुवातीलाच बादामी आकार घ्या आणि बोटापुढे ५-६ मिलिमीटरच्या वर जाऊ नका. रोज भाकरी थापायची असेल तर ३ मिलिमीटर पुरे. टोकदार नख आधीच लावून झालं असेल तर नेलकटर बाजूला ठेवा, १८० ची फाइल घ्या आणि एका बोटाला पाच मिनिटं द्या.